ट्रक विकायचाय: वरून बसवलेलं सामान काढावं की ठेवावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरात वडिलांच्या काळापासून ट्रक आहेत. आजवर सात गाड्या घेतल्या, त्यातल्या पाच विकल्या. विकताना दर वेळी तोच पेच पडायचा, आणि आता ओळखीचे गाडीमालकही तोच घेऊन येतात: पुढचा लोखंडी गार्ड, हॉर्न, सीट, टेप, वाढवलेले फाळके (हौद्याच्या बाजूच्या फळ्या), जादा पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या), ह्यांचं करायचं काय? फोनवर तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतोय. महाराष्ट्रात नोंद असलेल्या मालवाहू गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय, दहा चाकीपासून पिकअपपर्यंत.

पहिल्यांदा थोडक्यात सांगा, काढू की ठेवू?

आरसी (गाडीच्या नोंदणीचा दाखला) हातात घ्या आणि गाडीभोवती एक फेरी मारा. जे कागदाशी जुळत नाही किंवा ज्याच्यावरून पासिंगला (आरटीओच्या फिटनेस तपासणीला) गाडी अडेल, ते काढा. जे कायद्यात बसतं आणि पुढच्या मालकाच्या धंद्याला उपयोगी पडतं, ते राहू द्या. उरलं हौसेचं सामान. ते न्यायचं असेल तर गिऱ्हाइकाने गाडी बघायच्या आधी उतरवा. त्याने एकदा गाडी बघितली की मग एक स्क्रूही काढायचा नाही.

हा शेवटचा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो आणि सगळ्यात जास्त भांडणं त्याच्यावरूनच होतात.

सामानावर घातलेला पैसा गाडीच्या किमतीत परत मिळतो का?

बहुतेक वेळा नाही. जुनी गाडी घेणारा काय बघतो ते ठरलेलं आहे: कुठल्या सालचं मॉडेल, कितवा मालक, पासिंग आणि इन्शुरन्स कधीपर्यंत, इंजिनाला हात लागलाय का, टायर किती उरलेत, चासीला (गाडीच्या खालच्या सांगाड्याला) कुठे वेल्डिंग आहे का, हौदा (माल भरायचा भाग) सडलाय का. लांबच्या लाइनवर चालवणारा असेल तर तो वर्षं मोजतो, कारण साध्या दोन एक्सलच्या गाडीला १२ वर्षांनंतर आणि मल्टिएक्सल गाडीला १५ वर्षांनंतर नॅशनल परमिट मिळत नाही. त्याच्या ह्या हिशेबात स्पीकर येत नाहीत.

२०१६ साली मी एक दहा चाकी विकायला काढली. केबिनचं काम, सीट, दिवे, स्टीलचा बंपर असा लाखभर रुपये खर्च तिच्यावर झाला होता आणि तो मी किमतीत धरून बसलो होतो. बार्शीकडचे एक वयस्कर मालक गाडी बघायला आले. त्यांनी आधी केबिनचं दार उघडलंच नाही. गाडीखाली शिरले, पाटे मोजले, हौजिंगवर (मागच्या एक्सलच्या कवचावर) ऑइल पाझरलंय का बघितलं, टायरच्या नक्षीत बोट घालून पाहिलं आणि बाहेर येऊन आकडा सांगितला. आकडा बाजारभावाचा होता. माझे लाख रुपये त्यात कुठेच नव्हते. त्या दिवशी मनाला लागलं खरं, पण जुनी गाडी कशी बघायची हे मी त्यांच्याकडूनच शिकलो.

थोडेफार पैसे निघतात ते पुढच्या मालकाला नाहीतरी विकत घ्याव्या लागणाऱ्या वस्तूंचे. चांगली ताडपत्री आणि रस्से, हौद्यात टाकलेला जाड पत्रा, कुलपाची टूलबॉक्स, नव्या बॅटऱ्या, मागे बघायचा कॅमेरा. ह्या वस्तूंची बिलं जपून ठेवा. बिल दाखवलं की बोलणी सोपी होतात.

कायदा नेमकं काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२. कंपनीने ठरवलेला आणि आरसीवर नोंदलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. ज्या थोड्या बदलांना वाट आहे त्यांनाही आरटीओची मंजुरी लागते आणि बदल केल्यावर १४ दिवसांत कळवावं लागतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२अ आलं. त्यात बेकायदा फेरफाराला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही आहे. दंड गाडीमागे नाही, फेरफारामागे आहे. चार गोष्टी केल्या असतील तर चार वेळा.

विकणाऱ्याने ह्यापेक्षाही जपायची गोष्ट वेगळी आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अपघाताच्या भरपाईच्या दाव्यात आरसीवर ज्याचं नाव, तोच मालक. गाडी त्याने आधीच विकून ताबा दिलेला असला तरीही. तेव्हा पैसे मिळाले, किल्ली दिली, पण नाव चढलेलं नाही, अशा दोन-तीन महिन्यांत त्या गाडीने काही केलं तर कागदावर तुम्ही उभे आहात. बेकायदा गार्ड, तोडलेला स्पीड गव्हर्नर (वेग मर्यादेत ठेवणारं यंत्र), वाढवलेले पाटे असं सगळं तुमच्या नावावर रस्त्यावर फिरत असतं. मी सामान काढायला सांगतो ते मुख्यतः ह्यासाठी. किमतीचा विचार त्याच्या नंतर येतो.

मग नक्की काय काय काढलंच पाहिजे?

सुरुवात पुढच्या लोखंडी गार्डपासून. रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सगळ्या राज्यांना अशा गार्डांवर कारवाई करायला कळवलं आहे. पायी चालणारा किंवा मोटारसायकलवाला त्या पाइपावर आपटला तर हाड वाचत नाही.

दुसरं, प्रेशर हॉर्न आणि गाण्याचा हॉर्न. केंद्रीय मोटार वाहन नियम ११९ प्रमाणे सूर बदलणारे आणि कर्कश हॉर्न चालत नाहीत. इथे एक काळजी घ्या, आणि ती खरंच घ्या: प्रेशर हॉर्नची हवा गाडीच्या हवेच्या टाकीतून घेतलेली असते, म्हणजे ज्या हवेवर ब्रेक लागतात तिच्यातूनच. हॉर्न उपटून नळीला गाठ मारून सोडलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. जिथून नळी काढली तिथे व्यवस्थित प्लग बसवून घ्या, हवा पूर्ण भरा, इंजिन बंद करा आणि अर्ध्या तासाने काटा किती उतरला ते बघा.

तिसरं, काचांची काळी फिल्म. ती २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बंद आहे. चौथं, समोर लावलेले लाल दिवे आणि समोरच्याच्या डोळ्यांत घुसणाऱ्या एलईडीच्या पट्ट्या. पाचवं, नक्षीदार अक्षरांची नंबरप्लेट. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या गाडीला आता उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावून घ्यावी लागते, आणि ती नसेल तर महाराष्ट्रात मालकी बदलाचं कामच अडतं. तेव्हा ते पहिल्या आठवड्यातच उरकून टाका.

आणि हो, कंपनीचं जे सामान *काढून टाकलं*, तोही फेरफारच. मागचा आणि बाजूचा अंडररन गार्ड (छोटी गाडी ट्रकखाली शिरू नये म्हणून लावलेला आडवा दांडा), परावर्तक पट्ट्या, स्पीड गव्हर्नरची तोडलेली वायर. मागचा गार्ड फलाटाला लागतो म्हणून कापून टाकतात, आणि मग रात्री एखादी कार मागून सरळ हौद्याखाली शिरते. ह्या वस्तू परत बसवल्याशिवाय गाडी दुसऱ्याच्या हाती देऊ नका.

फाळके उंच करून घेतलेत. ते कापावेत का?

कशासाठी केलेत त्यावर आहे. ऊस, कापूस, भुसा भरणाऱ्या गाड्यांना वरून अँगल आणि फळ्या जोडतात. नटबोल्टवर बसवलेली जोड असेल तर काढून ठेवा आणि गिऱ्हाइकाला दाखवा. त्याला हवी असेल तर तो वेगळी घेईल. वेल्डिंग करून कायमची उंची वाढवली असेल तर आरसीवरची मापं बघा. उंची, रुंदी जुळत नसेल तर पासिंगला अडेल. मागचा लटकता भागही मोजा, तो चाकांमधल्या अंतराच्या ६० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही.

कापायचं काम चांगल्या बॉडीवाल्याकडूनच करा. वाकडा कापलेला फाळका बघून गिऱ्हाईक गाडी पलटी झाली होती का, असं विचारतं.

पाटे वाढवलेत. विकायच्या आधी काढून टाकले तर कोणाला कळणार आहे?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो आणि ह्याचं उत्तर मी कधीच घाईत देत नाही.

आधी कळण्याचं बघू. जाणकाराला कळतं. पाटे एक्सलला आवळणारे यू बोल्ट लांब राहिलेले असतात, पाट्याच्या टोकाची शॅकल पिन झिजलेली असते, पाटा जिथे चासीला अडकवतात त्या हँगरपाशी बारीक चिरा असतात, मागचे ड्रम उष्णतेने निळसर पडलेले असतात. पाटे उतरवले म्हणून गाडीने दहा वर्षं ओढलेलं जादा वजन उतरत नाही.

आता पाट्यांचं खरं काम. पाटा वाढवला की गाडी वजनाखाली कमी बसते, म्हणून वाटतं की गाडीची ताकद वाढली. ताकद फक्त पाट्याची वाढलेली असते. हौजिंग, बेअरिंग, टायर, ब्रेकचे लायनर, सगळं कंपनीने दिलेलंच आहे. आणि ज्या गाड्यांना मागे लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो तिथे तर धोका दुहेरी आहे. तो व्हॉल्व्ह चासी आणि एक्सल ह्यांच्यातलं अंतर बघून गाडी किती भरली आहे ते ओळखतो आणि त्या मानाने मागच्या ब्रेकला हवा सोडतो. जादा पाट्यांमुळे गाडी बसतच नाही, अंतर जास्त राहतं, व्हॉल्व्हला गाडी अर्धी रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. गाडी पुरी भरलेली, खंबाटकीचा उतार, आणि मागचा ब्रेक अर्धा. हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हातात अशी गाडी देणं मला पाप वाटतं.

म्हणून पाटे काढा, पण पूर्ण काम करा. दोन्ही बाजूंचे सारखे काढा. यू बोल्ट नवे, योग्य मापाचे घाला आणि शंभर-दोनशे किलोमीटर चालवून पुन्हा आवळा. व्हॉल्व्हची सेटिंग गाडीवर लावलेल्या तक्त्याप्रमाणे करून घ्या. मागचे ड्रम उघडा, लायनर बघा, हँगरपाशी चासी धुऊन चिरा शोधा. मग गिऱ्हाइकाला स्वतः सांगा: ह्या गाडीला एवढे पाटे जादा होते, अमुक महिन्यात काढले, हे बिल. तो किंमत थोडी पाडेल. पाडू द्या. ओव्हरलोडचा दंड आज २०,००० रुपये आणि वर दर जादा टनामागे २,००० आहे; जादा पाट्यांची गाडी घेऊन तो त्याच वाटेने जाईल, तर निदान डोळे उघडे ठेवून जाऊ दे.

बीएस-६ (धुराच्या नव्या, कडक नियमांच्या) गाडीला युरिया बायपास केलाय. तसाच ठेवून विकता येईल का?

नाही. इथे 'गिऱ्हाइकाला चालत असेल तर' हा प्रश्नच येत नाही.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत सायलेन्सरमध्ये फवारला जाणारा तो द्राव, ज्याला आपण सगळे युरिया म्हणतो, त्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असतं. गरम धुरात त्याचा अमोनिया होतो आणि तो नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड मोडतो. द्राव संपला किंवा सेन्सरला गडबड दिसली की गाडीची ओढ मुद्दाम कमी केली जाते. बायपासवाले एक छोटी डबी जोडतात किंवा संगणकाचा प्रोग्रॅम बदलतात. गाडीला वाटतं सगळं ठीक आहे, आणि धूर तसाच बाहेर जातो. तो धूर आधी आपलाच ड्रायव्हर घेतो, मग नाक्यावरचा टपरीवाला.

परत जोडायचा खर्च लहान नसतो हे मला माहीत आहे. बरेच दिवस बंद राहिलेला पंप आणि नोझल स्फटिकांनी गच्च होतात, नोक्स सेन्सर (ते ऑक्साइड मोजणारा) महाग आहे. तरीही अधिकृत वर्कशॉपमध्ये गाडी लावा, दुरुस्ती करून घ्या आणि शेवटी स्कॅनचा कागद मागा, ज्यात एकही चूक उभी नाही. बीएस-६ गाडी विकताना हा एक कागद दहा फोटोंना भारी पडतो. जो घ्यायला आलाय त्यानेही तो मागितल्याशिवाय विसार देऊ नये.

टेप, स्पीकर, पडदे, भारीतली सीट?

तुमच्या हौसेचं आहे, खुशाल न्या. पण कंपनीची सीट परत बसवा आणि बेल्टचे बोल्ट मूळ जागी, मूळ मापाचे असू द्या.

वायरिंगकडे मात्र नीट लक्ष द्या. टेप आणि दिव्यांसाठी मिस्त्री मूळ वायर सोलून तिथेच जोड मारतो, फ्यूज छोटा पडला की मोठा घालतो. सामान काढल्यावर ही सोललेली टोकं डॅशबोर्डमागे लोंबत राहतात. पहिल्या खड्ड्यात पत्र्याला टेकली की ठिणगी. चांगल्या वायरमनकडून सगळे जोड कापून, मूळ वायर जोडून, फ्यूज मूळ आकड्याचे बसवून घ्या. हजार-दोन हजारांचं काम आहे आणि केबिनला आग लागून राख झालेली गाडी मी शिरवळजवळ रस्त्याच्या कडेला पाहिली आहे.

एक अपवाद सांगतो. कमरेला आराम देणारी एअरची सीट असेल आणि घेणारा स्वतः गाडी चालवणारा असेल, तर ती ठेवण्याचा विचार करा. दिवसाला बारा तास त्या सीटवर बसणारा माणूस तिची किंमत ओळखतो.

केबिनला बाहेरून एसी बसवलाय.

ठेवा. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या नव्या ट्रकना कंपनीकडूनच एसी केबिन सक्तीची झाली आहे, त्यामुळे जुनी गाडी घेणाराही आता एसीबद्दल विचारतो. छपरावर बसवला असेल तर भोकांतून पाणी गळत नाही ना, ते पावसाआधी बघा. बॅटरीवर चालणारा असेल तर त्याची वायर किती जाड आहे आणि तिला वेगळा फ्यूज आहे का, हे गिऱ्हाइकाला उघडून दाखवा.

पिकअपला सीएनजी किट आहे. काढून डिझेल-पेट्रोलवर विकू का?

आरसीवर नोंद असेल तर अजिबात काढू नका. काढलंत तर आता कागद उलटा चुकीचा होतो. टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी लागते, तिचा दाखला आणि किटचं बिल कागदांत लावा. नोंदच नसेल तर एकतर रीतसर नोंद करून घ्या किंवा किट उतरवून मूळ इंधनावर आणा. मधली वाट नाही.

चासी लांब केली आहे, उघड्या बॉडीचा बंद कंटेनर केलाय, एक्सल वाढवलाय. आता काय?

बॉडीचा प्रकार बदलला आणि आरसीवर नोंद झालेली असेल तर अडचण नाही, तशीच विका. नोंद राहिली असेल तर आधी नोंद, मग विक्री. घेणारा म्हणेल, 'ते माझं मी बघतो.' बघत नाही. नाव चढवायला गेल्यावर तपासणीत गाडी अडते आणि तो महिनोन्‌महिने तुमच्या नावावर ती चालवत राहतो.

चासी कापून लांब केलेली किंवा मंजुरीशिवाय एक्सल जोडलेली गाडी मात्र वेगळी. तिथे 'काढून मूळ करणं' म्हणजे पुन्हा कापणं आणि पुन्हा जोडणं. दोनदा जोडलेल्या चासीवर मी माझा माणूस बसवणार नाही. अशी गाडी जिने बनवली त्या कंपनीच्या वर्कशॉपला दाखवा, ते सांगतील ते ऐका, आणि ती रस्त्यावर चालण्याजोगी नाही असं निघालं तर सुटे भाग विकून चासी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या. नुकसान मोठं आहे, पण अशी गाडी चालती म्हणून विकण्याचा सल्ला माझ्याकडून मिळणार नाही.

जीपीएस, डिझेलचा सेन्सर, फास्टॅग?

जीपीएस तुमच्या खात्यावर असेल तर काढा किंवा खातं बंद करा, दुसऱ्याची गाडी तुमच्या फोनवर दिसत राहणं बरोबर नाही. डिझेलच्या टाकीला सेन्सरसाठी पाडलेलं भोक नीट बंद करा. फास्टॅग तुमच्या बँकेत कळवून बंद करा, नाहीतर टोल तुमच्याच खात्यातून कापला जातो.

नवे टायर आणि बॅटऱ्या काढून जुन्या लावू का?

गाडी कोणाला दाखवायच्या आधी, आणि जुने टायर कायद्यात बसणारे असतील तर चालेल. नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर तो टायर रस्त्यावर चालतच नाही. फोटो नव्या टायरचे टाकले आणि हाती जुने दिले, हे मात्र कधीही करू नका. माझ्या एका गाडीच्या वेळी उलट झालं होतं: मी घेणारा होतो, बघायला गेलो तेव्हा मागचे आठही टायर नवे होते, ताबा घेताना चार रिमोल्ड (जुन्या टायरवर नवं रबर चढवलेले) निघाले. पैसे देऊन झाले होते. ती गाडी चांगली चालली, पण त्या माणसाकडून मी पुन्हा काही घेतलं नाही आणि कोणाला घेऊ दिलं नाही.

कंपनीचं मूळ सामान कधीच भंगारात गेलं. आता कुठून आणू?

बंपर, दिवे, सीट, मडगार्ड ह्या वस्तू जुन्या सामानाच्या बाजारात त्याच मॉडेलच्या मिळतात. मुंबईत कुर्ल्याला, इतरत्र ट्रक टर्मिनलच्या आसपास. ब्रेक, स्टीअरिंग आणि पाट्याचं सामान मात्र जुनं घेऊ नका. पुढच्या वेळी काही बदललंत तर मूळ वस्तू गोणपाटात बांधून, गाडीचा नंबर लिहून माळ्यावर टाका. आम्ही आता तसंच करतो.

देवाचं चित्र, गावाचं नाव, मुलांची नावं रंगवलेली आहेत.

ट्रान्सपोर्टचं नाव, तुमचं नाव आणि फोन नंबर आधी पुसा. पुढे त्या गाडीने कुठे धक्का मारला तर लोक तोच नंबर फिरवतात. 'हॉर्न ओके प्लीज' मागे अजून असेल तर तेही घालवा, महाराष्ट्रात २०१५ पासून मालवाहू गाड्यांवर ते लिहायला मनाई आहे.

देवाचं चित्र घेणाऱ्याला विचारून ठेवा. बहुतेक जण ठेवतात. केबिनमधली तसबीर मात्र आपली आपण उतरवून घरी न्यावी.

एक्सचेंजमध्ये दिली तर?

तिथे मूल्य लावणारा वरच्या सामानाला शून्य धरतो. न्यायचं ते सगळं मूल्यमापनाच्या आधी उतरवा.

गिऱ्हाईकच म्हणतंय, 'गार्ड आणि हॉर्न राहू द्या, त्याच्यासाठीच गाडी घेतोय.'

वेगळे करून त्याच्या हौद्यात टाका. जोडलेल्या स्थितीत गाडी तुमच्या नावावर रस्त्यावर जाता कामा नये. त्याच्या नावावर झाल्यावर तो काय करतो हा त्याचा आणि कायद्याचा विषय.

विक्रीच्या कागदात सामानाबद्दल काय लिहायचं?

विसारपावतीतच लिहा, डिलिव्हरीपर्यंत थांबू नका. गाडीसोबत काय जातंय: स्टेपनी, जॅक, पाना, ताडपत्री, रस्से, एसी, कॅमेरा, टायरचे नंबर. काय जात नाही: सीट, टेप. काय काढलं आणि काय दुरुस्त केलं: पाटे, युरिया, तारखांसह. चारही बाजूंनी, गाडीखालून आणि केबिनमधून फोटो काढा आणि दोघांच्याही फोनवर ठेवा. ताबा देताना तारीख, वार आणि *वेळ* लिहून सही घ्या. दुपारी तीनला दिलेल्या गाडीचं संध्याकाळी सहाचं चलन कोणाचं, हे त्याच ओळीवर ठरतं.

मग फॉर्म २९ आणि ३०. राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर फॉर्म २८ ची एनओसी (ना हरकत दाखला), कर्ज असेल तर बोजा उतरवायला फॉर्म ३५. परमिट आपोआप जात नाही, त्यासाठी वेगळी परवानगी लागते. सह्या केलेले कोरे फॉर्म एजंटाकडे देऊन मोकळं होऊ नका. नाव चढल्याचं परिवहनच्या संकेतस्थळावर स्वतः बघेपर्यंत दर आठवड्याला फोन करा.

माझे पती ट्रक चालवायचे. ते गेले. गाडी विकायची आहे, पण त्यांनी ती इतक्या हौसेने सजवली आहे की हात लावू वाटत नाही.

ताई, आधी कागद. मालक गेल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवलं तर वारसाला तीन महिने गाडी वापरता येते, आणि त्याच तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून ती स्वतःच्या नावावर करून घ्यायची असते. परमिटचंही तसंच: ३० दिवसांत कळवायचं, तीन महिन्यांची मुभा. कर्ज असेल तर फायनान्सवाल्यांना भेटून कर्जावर विमा होता का ते नक्की विचारा. गाडी तुमच्या नावावर झाल्यावरच विका. त्याआधी विसार घेऊन कोणी घाई करत असेल तर थांबवा.

सजावटीतलं जे कायद्यात बसत नाही, गार्ड आणि हॉर्न वगैरे, तेवढं ओळखीच्या मिस्त्रीकडून उतरवून घ्या. बाकीच्याला हात लावायची काही गरज नाही. रंग, झालर, आरशावरची नावं ह्यामुळे गाडीची किंमत कमी होत नाही. आणि दलाल बघायला यायच्या आधी एकदा मुलांना घेऊन केबिनमध्ये बसा. तसबीर, घुंगरांची माळ, सीटखालची डिझेलची वही, कप्प्यातल्या पावत्या, हे सगळं घरी आणा. त्या वहीत कोणाकडून किती भाडं यायचं राहिलंय तेही बऱ्याचदा लिहिलेलं असतं.